एकोत गुठळी दिसली नाही, म्हणून गोळी बंद करू नका

पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझे वडील, आप्पा, ६८ वर्षांचे आहेत. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. भाताच्या लावणीपासून त्यांना दम लागतो, छातीत धडधडतं. खानापुरात ईसीजी काढला, त्यात एट्रियल फिब्रिलेशन निघालं, ठोके १३० च्या घरात होते. बेळगावच्या डॉक्टरांनी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला आणि रक्त पातळ करायची एपिक्साबान ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, शिवाय ठोके कमी करायला मेटोप्रोलॉल दिली. लावणीच्या धांदलीत संध्याकाळची गोळी बऱ्याचदा चुकली. आता महिन्याने डॉक्टर म्हणतात, घशातून नळी घालून पुन्हा एको करू, आत गुठळी नसेल तर शॉक देऊन ठोके लयीत आणू. पण पहिल्या एकोत ‘नो क्लॉट’ असं स्पष्ट लिहिलंय. ते वाचून काका म्हणाले, “गाठ न्हाई म्हणून लिहून दिलंय की ओ, मग एवढ्या महागाच्या गोळ्या कशाला?” एपिक्साबान बंद करून आज चार दिवस झाले. भाऊ कोल्हापूरला असतो, तिथले डॉक्टर म्हणाले, नळीऐवजी सीटी स्कॅन करता येईल. पुण्याच्या मेहुण्यांचं म्हणणं, एमआरआय सगळ्यात भारी, एकदाच करून मोकळे व्हा. आप्पा म्हणतात, नळी घालून घेणार नाही. एका हृदयाचे किती फोटो काढायचे, ओ? रिपोर्टची झेरॉक्स जोडली आहे.

उत्तर

ताई, पत्राखाली फोन नंबर होता म्हणून गोळीचं तेवढं मी त्याच दिवशी फोनवर सांगितलं. आप्पांच्या डॉक्टरांना लगेच फोन करा, चार दिवस गोळी बंद आहे हे लपवू नका, ते सांगतील तशी सुरू करा. तुम्ही तसं केलंत आणि संध्याकाळीच गोळी पुन्हा सुरू झाली, हे कळल्यावर जिवात जीव आला. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण असा ‘नो क्लॉट’चा कागद हातात घेऊन गोळी बंद करणारी घरं बेळगावात, निपाणीत, चिकोडीत कमी नाहीत.

आधी त्या कागदाचं बघू. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला बाजूला बोटाएवढी एक पोकळ पिशवी असते, तिला लेफ्ट एट्रियल अपेंडेज म्हणतात. कप्पा जोरात आवळला जातो तोवर तिच्यातलं रक्त खेळतं राहतं. थरथर सुरू झाली की तिथलं रक्त तुंबतं. वाफ्यातलं पाणी वाहतं तोवर निवळ असतं, बांधाच्या कोपऱ्यात अडलं की त्यावर शेवाळ धरतं, हे आप्पांना मी सांगायला नको. झडपा चांगल्या असलेल्या रुग्णांत डाव्या कप्प्यातल्या गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के या पिशवीतच सापडतात. तिथून एखादी सुटली की रक्ताबरोबर थेट मेंदूकडे जाऊ शकते. मग अर्धांगवायूचा झटका येतो. या आजारात तो धोका साधारण पाचपट होतो.

आणि छातीवर जेल लावून करतात त्या साध्या टूडी एकोत नेमकी हीच पिशवी नीट दिसत नाही. प्रोब छातीच्या पुढच्या बाजूने बघतो आणि डावा वरचा कप्पा हृदयात सगळ्यात मागे असतो. मधे बरगड्या, फुफ्फुसं, हृदयाचे बाकीचे भाग. तुमच्या रिपोर्टच्या शेवटी ‘नो क्लॉट, नो व्हेजिटेशन, नो पेरिकार्डियल इफ्युजन’ अशी एक ओळ आहे. ही ओळ कित्येक ठिकाणी छापील नमुन्यातच असते आणि कुणी मुद्दाम खोडली नाही तर तशीच उमटते. त्याचा अर्थ इतकाच घ्यायचा की जेवढं दिसलं तेवढ्यात गुठळी नव्हती. मला विचाराल तर एट्रियल फिब्रिलेशनच्या प्रत्येक रुग्णाच्या रिपोर्टवर ‘अपेंडेज या तपासणीत दिसलेले नाही’ असं ठळक लिहायला हवं. एका ओळीने किती घरांतला गैरसमज टळेल.

आता गोळी कशावर ठरते ते. अपेंडेजमध्ये आज गुठळी आहे की नाही, यावर ती ठरतच नाही. उद्या होऊ नये म्हणून ती द्यायची असते. डॉक्टर त्यासाठी चाड्स-व्हॅस्क नावाचे धोक्याचे गुण मोजतात. आप्पांचे मी तुमच्या पत्रावरून आणि रिपोर्टवरून मोजले: वय ६५ ते ७४ मध्ये, एक. बीपी, एक. शुगर, एक. हृदयाचं पंपिंग कमी झालंय, एक. चार झाले. पुरुषाचे दोन झाले तरी रक्त पातळ करायची गोळी द्यावी असं सांगितलेलं आहे. म्हणजे उद्या नळीच्या एकोतही पिशवी स्वच्छ दिसली, शॉकनंतर ठोके घड्याळासारखे लयीत आले, तरीही आप्पांची एपिक्साबान चालूच राहणार. काकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर शॉकनंतर पुन्हा हाच वाद होईल. तिच्या जागी एकच ॲस्पिरिन घेतली तर चालेल का, असंही कुणीतरी सुचवेल. चालणार नाही. या कामाला ॲस्पिरिन पुरी पडत नाही.

मग गोळी चालू असताना नळी कशाला? कारण शॉकचा क्षण वेगळा आहे. थरथरणारा कप्पा शॉकनंतर पुन्हा आवळायला लागतो आणि आत गुठळी बसलेली असेल तर ती बाहेर ढकलली जाऊ शकते. म्हणून हा त्रास कधी सुरू झाला ते नक्की माहीत नसेल, किंवा एक-दोन दिवसांहून जुना असेल, तर दोन वाटा असतात. एक, सलग तीन आठवडे एकही डोस न चुकवता गोळी घ्यायची आणि मग शॉक. दुसरी, नळीच्या एकोने पिशवीत डोकावून बघायचं आणि स्वच्छ असेल तर शॉक द्यायचा. आप्पांच्या संध्याकाळच्या गोळ्या चुकत होत्या हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत का? सांगितलं असेल तर नळीचा आग्रह त्यांनी उगाच धरलेला नाही, आणि आता या चार दिवसांच्या खंडानंतर तर मुळीच नाही. एपिक्साबानचा असर अंगात फार वेळ टिकत नाही, म्हणून तर ती दिवसातून दोनदा घ्यायची. संध्याकाळची चुकली की रात्र बिनसंरक्षणाची जाते. आप्पांना घाई नसेल, दम आटोक्यात असेल, तर आजपासून तीन आठवडे काटेकोर गोळी घेऊन मग शॉक, हा पर्यायही डॉक्टरांपुढे ठेवायला हरकत नाही. मात्र त्यासाठी डोस खरंच चुकता कामा नये.

शॉकनंतरचे निदान चार आठवडे गोळीच्या बाबतीत सगळ्यात नाजूक असतात. ईसीजीवर लय आली तरी कप्प्याची ताकद लगेच परत येत नाही, तो काही दिवस, कधी काही आठवडे, सुस्तच राहतो आणि नवी गुठळी तेव्हाही होऊ शकते.

आता आप्पांच्या भीतीकडे येते, कारण घरात खरा अडसर तोच आहे. नळी हृदयात जात नाही, अन्ननलिकेत जाते. अन्ननलिका डाव्या कप्प्याच्या अगदी पाठीला टेकून असते, म्हणून तिथून ती पिशवी स्पष्ट दिसते. तपासणीच्या आधी साधारण सहा तास पोटात काही नको. कवळी असेल तर काढून ठेवायची. घशात बधिर करायचा स्प्रे मारतात, तो कडू लागतो आणि घसा सुजल्यासारखा वाटतो, ते औषधामुळेच. शिरेतून झोपेचं थोडं औषध देतात. डाव्या कुशीवर झोपवतात, नळी दातांनी चावली जाऊ नये म्हणून तोंडात एक छोटं कडं धरायला देतात. डॉक्टर ‘गिळा’ म्हणतील तेव्हा गिळायचं, तेवढ्या वेळात उमासे येतात, पुढे नाकाने सावकाश श्वास घेत राहिलं की बसतात. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम. घशाचा बधिरपणा पूर्ण जाईपर्यंत चहासुद्धा द्यायचा नाही, नाहीतर ठसका लागून घोट फुफ्फुसात जाईल. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण उपाशी माणूस बाहेर आला की बायकामाणसांना आधी थर्मासच आठवतो.

अन्ननलिकेला इजा होण्याचा धोका फार क्वचित असतो, पण असतो. म्हणून हे आधी सांगा: घास अडकतो का, अन्ननलिकेचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय का, लिव्हरचा आजार आहे का, कधी रक्ताची उलटी झाली होती का. आणि आपल्या भागात एक जास्तीचा प्रश्न, आप्पा सुपारी किंवा गुटखा खातात का? वर्षानुवर्षं खाणाऱ्यांच्या गालाची कातडी आतून आवळत जाते आणि तोंड पुरतं उघडत नाही. त्यांची स्वतःची दोन-तीन बोटं उभी तोंडात मावतात का ते घरीच बघा. मावत नसतील तर नळीच्या तपासणीआधी डॉक्टरांना जरूर सांगा. त्या दिवशी शुगरच्या गोळीचं काय करायचं, मेटोप्रोलॉल घोटभर पाण्याबरोबर द्यायची का, तेही आदल्या दिवशीच विचारून घ्या. एपिक्साबान मात्र या तपासणीसाठी सहसा बंद करत नाहीत. कुणी वॉर्डात ‘सकाळच्या सगळ्या गोळ्या बंद’ म्हणालं तर त्या एका गोळीचं नाव घेऊन पुन्हा विचारा.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेही चुकीचं नाही. सीटी स्कॅनमध्ये शिरेतून रंगद्रव्य सोडून ती पिशवी बघता येते, आणि ती पूर्ण भरलेली दिसली तर आत गुठळी नाही असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. नळी घालणं शक्यच नसेल तर मी तिकडेच वळेन. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. रक्त संथ फिरत असेल तर रंगद्रव्य पिशवीच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि तो रिकामा भाग गुठळीसारखा दिसतो, म्हणून थोडं थांबून दुसऱ्यांदा फोटो घ्यावे लागतात. हे सांगितल्याशिवाय सगळीकडे करतीलच असं नाही, तेव्हा ‘डिलेड फोटो घेणार ना?’ असं विचारा. दुसरं, रंगद्रव्य किडनीतून बाहेर पडतं आणि आप्पांना शुगर आहे, त्यामुळे क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघितल्याशिवाय सीटी नको. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तेही सांगा. तिसरं, ठोके भरभर आणि अनियमित असतील तर चित्र धूसर येऊ शकतं. सीटीचा खरा मान असतो तो अब्लेशनच्या, म्हणजे लय सुधारायला हृदयातला थोडा भाग जाळण्याच्या प्रक्रियेच्या, आधी. फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरा डाव्या कप्प्याला कुठे, किती मिळतात हे त्यात नकाशासारखं उमटतं. आप्पांचं अब्लेशन आज कुणी ठरवलेलं नाही.

मेहुण्यांच्या एमआरआयबद्दल थोडक्यात. हृदयाच्या स्नायूत व्रण किंवा सूज आहे का, पंपिंग कमी का झालं याचं कोडं सुटत नसेल तर तो उपयोगाचा. शॉकच्या आधी गुठळी बघायला आप्पांना त्याची गरज नाही. सगळ्यात महाग किंवा सगळ्यात नवी तपासणी म्हणजे सगळ्यात योग्य, असं नसतं. प्रत्येक वेळी डॉक्टरांना एकच विचारा: ‘या तपासणीत असं आलं तर काय करणार, आणि तसं आलं तर काय करणार?’ दोन्हीचं उत्तर एकच असेल, तर ती तपासणी थांबू शकते. नळीच्या एकोचं उत्तर दोन बाजूंना वेगळं आहे. पिशवी स्वच्छ असेल तर शॉक. गुठळी असेल तर शॉक रद्द, निदान तीन आठवडे नेटाने गोळी, मग पुन्हा बघायचं, आणि तोवर ठोक्यांचा वेग औषधाने ताब्यात ठेवायचा.

तुमच्या झेरॉक्समधली दुसरी एक ओळ मला ‘नो क्लॉट’पेक्षा जास्त महत्त्वाची वाटली आणि पत्रात तुम्ही तिच्याबद्दल काहीच विचारलं नाहीत. ‘ईएफ ४० टक्के’. डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आतलं किती रक्त पुढे ढकलतो त्याचा हा आकडा, आणि तो ५५ च्या आसपास किंवा वर असायला हवा. आप्पांचा दम बहुधा इथूनच येतोय. पण घाबरून जाऊ नका. आठवडेच्या आठवडे हृदय १३० च्या वेगाने पळत राहिलं तर नुसत्या त्या दमणुकीनेही पंपिंग उतरतं, आणि वेग ताब्यात आला, लय सुधारली की पुष्कळदा वर चढतं. आप्पांचं कारण हेच आहे की दुसरं, हे आज सांगता येत नाही, म्हणूनच काही महिन्यांनी पुन्हा साधा एको हवा. त्या वेळी एवढं म्हणा की ठोके अनियमित असतील तर एकाच ठोक्यावर मोजू नका, पाच-सहा ठोक्यांची सरासरी घ्या. या आजारात प्रत्येक ठोक्याला भरणारं रक्त कमीजास्त असतं, त्यामुळे एका ठोक्यावरचा आकडा फसवा येतो.

रिपोर्टमध्ये डावा वरचा कप्पा ४.६ सेंटिमीटर लिहिलाय, म्हणजे वाढलेला आहे. चार सेंटिमीटरपर्यंत साधारण ठीक धरतात. कप्पा जितका ताणलेला, तितकी लय शॉकनंतर टिकायला अवघड. आप्पांचं हृदय पुन्हा बेलय होऊ शकतं, ही तयारी मनात ठेवा, म्हणजे तसं झालं तर ‘शॉकचे पैसे वाया गेले’ म्हणून कुणी डॉक्टरांवर चिडणार नाही. मायट्रल झडपेत अरुंदपणा नाही असंही रिपोर्ट सांगतो, आणि ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आलेल्या आणि पुढे झडप आवळलेल्या बायका आपल्याकडे अजून येतात, कित्येकींची पन्नाशीही झालेली नसते. त्यांच्यासाठी पहिला साधा एको हाच सगळ्यात मोठा निर्णय घेतो, कारण झडप चांगलीच अरुंद असेल तर एपिक्साबान, रिव्हरॉक्साबानसारख्या नव्या गोळ्या चालत नाहीत. वॉरफॅरिन किंवा ॲसिट्रॉम घ्यावी लागते आणि रक्ताचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा इन्व्हिक्टस अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही रिव्हरॉक्साबानपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. शेजारणीची गोळी चांगली म्हणून आपली बदलून घेणाऱ्यांनी हे वाचावं.

खर्चाचं आणि कागदांचं. आपल्या भागातला माणूस बेळगाव आणि कोल्हापूर, दोन्हीकडे दाखवतो, त्यात गैर काही नाही. पण कोल्हापूरला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, एकोची आणि ईसीजीची चित्रं सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. कर्नाटकाची आयुष्मान योजना आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं, त्यात तुमचं गाव आहे का बघा. नळीचा एको आणि शॉक त्यात बसतो का, हे दाखल व्हायच्या आधी काउंटरवर विचारायचं, नंतर नाही. संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल आणि आप्पांना वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी मराठीतून समजावून मागा. तो त्यांचा हक्क आहे, आणि चांगले डॉक्टर त्यात कमीपणा मानत नाहीत.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, शेजाऱ्यांनाही. आप्पांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा बोलणं बोबडं झालं, तर ‘झोपून उठले की बरं वाटेल’ असं कुणी म्हणायचं नाही. लगेच १०८ ला फोन करून, चोवीस तास सीटी स्कॅन चालू असतो अशा मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते, आणि पावसाळ्यात तुमच्याकडचे रस्ते माहीत आहेत. शेवटची एपिक्साबान किती वाजता घेतली हे तिथे सांगावं लागतं, म्हणून गोळीच्या पाकिटावर रोज वेळ लिहायची सवय लावा. त्याने संध्याकाळचा डोसही चुकायचा थांबेल.

आप्पांना हा अंक वाचून दाखवा आणि नळीबद्दल त्यांचा आणखी काही प्रश्न असेल तर त्यांनाच मला फोन करायला सांगा. औषध घेऊन ठोके ताब्यात आल्यावर काही महिन्यांनी जो एको होईल, त्याची झेरॉक्स पाठवा. मला त्यातला ईएफचा आकडा बघायचा आहे.